कार्डावरची तीट

१९८६ साली ब्रिता मॅडम नवरा आणि छोट्या निल्सला घेऊन स्वीडनहून सोनिवलीच्या मिशन शाळेत आल्या. नवरा इंग्रजी शिकवायचा, मॅडम नर्स. दर महिन्याला त्या बालवाडीच्या पोरांची वजनं करून प्रत्येकाच्या कार्डावर शाईचा ठिपका द्यायच्या. ठिपका वर चढला की पोर अंगाने भरतंय, एवढं शाळेच्या आयाला, गयाबाईला, कळलं होतं.

पण ती कार्डं मॅडमनी व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टांगली. भरलेल्या पोरांचं कौतुक असं चव्हाट्यावर मांडतात का? बाई शिकलेली, पण अक्कल तिकडेच ठेवून आलेली. गयाबाईने काजळाची डबी काढली आणि पोराच्या गालाला लावावी तशी प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तीट लावली.

पुढच्या महिन्यात मॅडमनी कार्डं उतरवली, तर वरच्या ठिपक्यांप्रमाणे सव्वीसच्या सव्वीस पोरं चाळीस किलोंची. त्यांनी काटा तपासला, त्यावर नवऱ्याला उभं केलं, मग गयाबाईला. काट्यावरून उतरताना गयाबाईने गुपचूप डबी पुढे केली.

मॅडम लालबुंद झाल्या. "गयाबाई, असल्या काजळाने कुणाची तब्येत चांगली राहत नाही."

"नसेल राहत. या महिन्यात कोण आजारी पडलं?"

मॅडमनी वही चाळली. एकटा निल्स, दोनदा. त्याचं कार्ड मात्र घरात, कपाटात होतं.

संध्याकाळी मॅडम ते कार्ड घेऊन गयाबाईच्या दारात आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मागच्या बाजूला लाव. पुढे वजन लिहायचंय."