एक नंबर कमी

रझियाचे पाय दुखत नाहीत, हे विजयमालाला बघवत नसे. लोकांच्या डोळ्यांत शेजाऱ्याचा बंगला खुपतो, जावेचा हार खुपतो. हिच्या डोळ्यांत एका बाईचे पाय खुपत होते. हसायचं त्यांनी हसावं. पण ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाशी दिवसदिवस उभ्या राहणाऱ्या सिस्टरला विचारलं, तर ती हसणार नाही.

रझियाला कामाला लावलं ते विजयमालानंच. कात्री हातात कशी ठेवायची आणि मोठ्या सरांनी हात पुढे करायच्या आत त्यांच्या मनातलं हत्यार कसं ओळखायचं, हे सगळं तिनं शिकवलं. पोरगी शिकली, झपाट्यानं शिकली, आणि तिथंच विजयमालाच्या पोटात दुखायला लागलं. आता हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनांसाठी नवं थिएटर होत होतं आणि मोठे सर तिथल्या टेबलासाठी एकच सिस्टर निवडणार होते. पूर्वी ही जागा विजयमालाची, असं सगळेच धरून चालले असते. पण मागच्या लांबलेल्या ऑपरेशनात ती एकसारखी या पायावरून त्या पायावर होत राहिली आणि चिमटा द्यायला तिला उशीर झाला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, खुर्ची मागवू का? चहा पण सांगतो." सदाशिव पेठेत वाढलेला माणूस; आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नाही.

पाय का दुखत होते, हे फक्त विजयमालाला ठाऊक होतं. तिचे बूट तिला एक नंबर लहान होते, आणि तो नंबर तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.

झालं होतं ते असं. थिएटरमध्ये बाहेरचे जोडे चालत नाहीत. आत घालायची प्रत्येकीची वेगळी जोडी असते, पांढरी, धुता येणारी, टाचेशी आत आपलं नाव लिहिलेली. ती दाराजवळच्या फळीवर ठेवायची. दोघींच्याही जुन्या जोड्या झिजल्या, तेव्हा रझिया म्हणाली, ताई, आमच्याच दुकानात चला. तिचा नवरा हमीद याचं मंडईच्या मागच्या गल्लीत चपलाबुटांचं दुकान. ड्यूटी संपल्यावर तसंच यायचं, असा त्याचा निरोप होता, कारण दिवसभर उभं राहून पाय जेवढा सुजतो तेवढ्या पायाला बूट बसला पाहिजे. दोघी गेल्या.

हमीदनं बायकोला स्टुलावर बसवलं आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसला. तिचा पाय मांडीवर घेऊन त्यानं एक जोडी चढवली, अंगठ्यानं बुटाचं टोक दाबलं आणि विचारलं, इथं लागतंय का, इथं? रझियानं भर गिऱ्हाइकांत सांगितलं, "सहा आवळतो हो, सात काढा." त्यानं सात काढला, पुन्हा दाबून पाहिलं, मग तिला उभं केलं आणि दुसरं गिऱ्हाईक आटपेपर्यंत तशीच उभी राहा म्हणाला. परत येऊन पुन्हा खाली बसला आणि पुन्हा त्याच जागी दाबलं. विजयमाला त्या अंगठ्याकडे बघत राहिली. वीस वर्षांच्या संसारात ती सासूच्या, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, आल्यागेल्या चुलत्यांच्या पाया पडली होती. तिच्या पायाला मात्र कुणाचा हात लागला नव्हता, आणि लागावा असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. ते त्या स्टुलापाशी आलं आणि तिचा जळफळाट झाला.

"ताई, आता तुम्ही बसा," हमीद म्हणाला आणि त्यानं सहज हात पुढे केला. विजयमालानं चटका बसावा तसा पाय मागं घेतला. तिच्या घरात परक्या पुरुषानं बाईच्या पायाला हात लावणं बसत नव्हतं. आपल्या पुरुषानं लावणं तर त्याहून बसत नव्हतं. नको नको, आमचे हेच आणणार आहेत, असं ती म्हणून गेली आणि ते खरं दिसावं म्हणून तिथूनच तिनं नवऱ्याला फोन लावला. रझियाच्या बुटांच्या खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं आणि अगदी असेच आणा, म्हणून सांगितलं. नंबर किती, संभाजीनं विचारलं. रझिया समोर नवे बूट घालून, पाय हलवत बसली होती.

"सहा," विजयमाला म्हणाली.

तिचा नंबर सात होता. लग्नात माप ओलांडताना तुळजाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, सगळ्या वऱ्हाडासमोर म्हटलं होतं, "पाय हाय का पाट हाय गं ह्यो?" तेव्हापासून नंबर सांगताना तिची जीभ अडखळायची. पण त्या दिवशी जीभ अडखळली नाही, मुद्दामच घसरली. रझियाला सात, तर आपल्याला सहा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

संभाजीनं बूट आणले आणि स्वस्तातले आणले नाहीत. वारज्याची शेतजमीन बिल्डरला दिल्यापासून स्वस्तातलं काही आणणं त्याला कमीपणाचं वाटे. खोका टेबलावर ठेवून, "घे, बेस्टातले हायत," एवढं बोलून तो टीव्हीकडे वळला. बदलून आणा म्हणायचं, तर खरा नंबर सांगणं आलं, तोही सासूच्या देखत. त्यापेक्षा विजयमालानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार पत्करला. रोज संध्याकाळी बोटं लाल व्हायची, आणि रोज संध्याकाळी रझिया जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरायची.

गुरुवारी मोठं ऑपरेशन होतं. टेबलाशी विजयमाला होती आणि बाहेरून सामान आणून द्यायला, धावपळीला रझिया. या ऑपरेशननंतर सर निवड करणार, हे हॉस्पिटलात लिफ्टवाल्यालाही माहीत होतं. विजयमाला लवकर आली. फळीवर दोन्ही जोड्या शेजारी शेजारी होत्या, सारख्याच पांढऱ्या, सारख्याच धुतलेल्या. तिनं एक उचलली. आत टाचेशी रझियाचं नाव होतं. ते तिनं वाचलं. चुकून घेतली, असं पुढं कधी ती स्वतःलाही सांगू शकली नाही. तिनं पाय घातले आणि बोटांना जागा मिळाली. सुख वाटायला हवं होतं. वाटला तो संताप: हे असं असतं तर! या असल्या बुटांवर ही रोज मिरवते आणि वर लोक म्हणतात, काय उत्साही पोरगी आहे.

रझिया धावत आली तोवर विजयमाला हात धुऊन टेबलाशी उभी होती. दारातून तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. रझिया फळीपुढं थांबली, उरलेली जोडी उचलून तिनं आतलं नाव वाचलं आणि घातली.

ऑपरेशन लांबत गेलं. विजयमालाचा हात पूर्वीसारखा चालला. सरांचा तळवा उघडायच्या आत हत्यार त्यात पडत होतं. आणि तिचा एक डोळा सारखा रझियाच्या पायांवर होता. आता लंगडेल, मग लंगडेल. बाहेरून रक्ताच्या पिशव्या आण, टाके आण, दिवा वळव, असं चालूच होतं, आणि रझिया जात होती, येत होती. ती लंगडली नाही. एकदाच कपाटाला टेकून तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. विजयमालाला वाटलं होतं, ते पाहून बरं वाटेल. उलट अंगाचा तिळपापड झाला, कारण एवढं सोसून ही बाई हसतमुखच राहणार असेल, तर तिच्याकडून घ्यायचं तरी काय?

शेवटचा टाका पडल्यावर सर म्हणाले, "विजयमालाबाई, पुढच्या महिन्यापासून नव्या थिएटरला या. खुर्ची ठेवत नाही." सरांच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. रझियानंही केलं, ओल्या आवाजात नाही, साधंच.

संध्याकाळी विजयमाला फाटकाशी आली, तर बाजूच्या कट्ट्यावर रझिया बसली होती. हमीद स्कूटर लावून, रहदारीकडे पाठ करून तिच्यासमोर उकिडवा बसला होता. त्यानं तिची चप्पल काढली होती. करंगळी सोललेली, अंगठ्याचं नख काळंनिळं. तो पाय हातात धरून नुसता बघत होता. मग त्यानं आपल्या अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं, दुकानात दाबलं होतं तसंच. लोक जात-येत होते. कुणाचं काय जात होतं?

विजयमालाला चुकवून जाता आलं असतं. पण रझियानं तिला पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तुमचा नंबर सात आहे. दादांना सांगा आणायला. त्या बुटांत तुम्ही इतके दिवस उभ्या कशा राहिलात?"

टोमणा असता, तर विजयमालानं दोन टोमण्यांनी परतवला असता. पण त्या पोरीनं खरंच विचारलं होतं. विजयमाला हो म्हणाली आणि रिक्षात बसली. नवी जागा तिला मिळाली होती. तरी साऱ्या रस्त्यानं तिच्या डोळ्यांपुढं ती जागा नव्हती, तो कट्टा होता, आणि तिला त्या सोललेल्या करंगळीचासुद्धा हेवा वाटत होता. आपण कसल्या बाई झालो, असं तिला वाटलं, आणि तरी हेवा कमी झाला नाही.

घरी संभाजी सोफ्यावर होता. आत तुळजाबाई लसूण सोलत होत्या. विजयमाला त्याच्या शेजारी बसली आणि नव्या जागेचं सांगितलं. तो खूश झाला, पेढे आणू म्हणाला.

"अहो, मला सात नंबर लागतो," ती म्हणाली. "सहा नाही."

"मग तवाच सांगायचं की. उद्या दुसरे घेऊन टाकू. त्यात काय एवढं?"

तिनं चप्पल काढली आणि पाय थोडा पुढं केला, त्याच्या गुडघ्याजवळ. "जरा बघा ना दाबून. कुठं सुजलाय का."

संभाजीनं पायाकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. माणूस वाईट नव्हता. त्याचे कान लाल झाले. "आई हाय आत," तो हळूच म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

विजयमालानं पाय मागं घेतला. थोड्या वेळानं तिनं स्वतःच वाकून, अंगठ्यानं करंगळी दाबून पाहिली, मग अंगठा, मग टाच. कुठंच दुखत नव्हतं. दिवसभर ती रझियाच्या बुटांत उभी होती.