राजगिऱ्याचा देव

प्रमिलाबाईंना एक खोड होती. पुस्तकात छापलेलं नुसतं वाचून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. धुळ्याहून अमळनेरजवळच्या या खेड्यात त्या जूनमध्ये रुजू झाल्या आणि महिन्याभरात सातवीच्या पोरांना त्यांनी भूगोलाची गोडी लावली, असं हेडमास्तर येईल त्याला सांगत. ते बाईंच्या कानावर आलं, आणि मग तर त्यांना आवरणंच कठीण झालं.

एकाहत्तर सालच्या आषाढात अमेरिका खंडाचा धडा आला. बाईंनी अमळनेरच्या कॉलेजातून ओळखीने एक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि अख्खा रविवार डिक्शनरी घेऊन माया, अझ्टेक, इंका अशा तिथल्या जुन्या लोकांची टिपणं काढली. शनिवारीच त्यांनी वर्गाला फर्मान सोडलं होतं, की सोमवारी घरून मूठभर मका, मिरच्या, शेंगदाणे, साबुदाणा, उपासाचं काय असेल ते, घेऊन यायचं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. पोरांना वाटलं, बाई काहीतरी खायला करणार.

सोमवारी बाईंनी भिंतीवरचा नकाशा उतरवून जमिनीवर पसरला आणि एकेक जिन्नस उचलून त्यावर ठेवायला सुरुवात केली. मेक्सिकोवर मका आणि मिरची, पेरूवर बटाटा, ब्राझीलवर शेंगदाणे आणि साबुदाणा, कारण तो ज्या कंदाचा होतो तो कंद तिथला. हे सगळं मूळचं तिकडचं, पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे यातलं काहीसुद्धा नव्हतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा वर्गाने तोंडात बोटं घातली. खानदेशात कधीकाळी मिरचीवाचून जेवत होते, हे तर पोरांना पटता पटेना. झिपरू नावाच्या पोराने मागून विचारलंसुद्धा, "मग लोक जगत कसे होते, बाई?"

शेवटी द्वारकाने डबा पुढे केला. द्वारका वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, बाईंचा तिच्यावर भारी जीव. डब्यात राजगिऱ्याचा लाडू होता. बाईंचा चेहरा उजळला, कारण त्यांनी सगळ्यात रंगतदार टिपण याच्यासाठी राखून ठेवलं होतं. अझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ मधात मळून देवाची मूर्ती करत, तिच्यापुढे माणसाचा बळी देत, पिठात रक्त कालवत असंही तेव्हाच्या पाद्र्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि मग मूर्ती मोडून तिचा तुकडा तुकडा सगळे खात. हे म्हणजे देव खाणं. दोन-तीन मुलींनी परकराची टोकं मुठीत घट्ट धरली.

"मग याने उपास मोडतो का, बाई?" द्वारकाने विचारलं.

बाईंना त्या दिवशी यशाची धुंदी चढली होती. त्या हसून म्हणाल्या, "ते तू घरी आजीलाच विचार." वर्गही हसला. द्वारका मात्र हसली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारपासून द्वारका शाळेत आली नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिचा मोठा काका कौतिक शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, मन्ही माय चार दिन व्हयनात पानीशिवाय काहीच लेत नही. भगर दिधी, दूध दिधं, बठ्ठं नको म्हनस. तुम्ही काय शिकाडं ते आम्हले समजत नही. पन आते तुम्हीच चला."

वाटेत त्याने प्रमिलाबाईंना घरची हकीकत सांगितली. त्याचा धाकटा भाऊ मगन, म्हणजे द्वारकाचा बाप, फौजेत होता. बासष्ट साली चीनच्या लढाईत तो बेपत्ता झाला. सरकारी कागदावर तेवढंच लिहून आलं, त्यापुढे काही नाही. तेव्हा त्याच्या आईने, सुंदरबाईने, मगन घरी येईपर्यंत अन्न सोडलं. नऊ वर्षं तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा गेला नव्हता. साबुदाणा, बटाटे, शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू, यावर ती राहिली होती. सोमवारी पोरगी घरी आली, आणि नातीने आजीला जे विचारायचं ते विचारलं.

गावातल्या प्रत्येक माणसाला ते व्रत माहीत होतं, एक बाई सोडून. बाईंना मेक्सिकोतले देव माहीत होते, चार घरांपलीकडची म्हातारी माहीत नव्हती. त्यांना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.

शिव्या खायच्या तयारीनेच त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते, हात मांडीवर निर्जीव पडले होते. पण बाईंना पाहताच तिचे डोळे हसले, आणि ती सरकत पुढे येऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. बाई दचकून मागे झाल्या.

"बठ माय," सुंदरबाई म्हणाली. "नऊ वरीस मी देवले इचारं, मन्हं काय चुकनं. देव बोलना नही. तू बोलनी."

प्रमिलाबाईंना काही कळेना. त्या तिच्यासमोर बसल्या.

"दुसरासना देव खाईसनी मी मन्हा देवले हाक मारत व्हती. तो कसा ऐकी?" म्हातारी समजावल्यासारखं, अगदी शांतपणे सांगत होती. "आते बठ्ठं सोडं. आते मन्हा मगन यी."

म्हातारी रागावलेली नव्हती, दुःखीही नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती खुशीत होती. तिला चूक सापडली होती, ती तिने सुधारली होती, आणि आता ती मुलाची वाट बघत उपाशी मरणार होती. कौतिक दाराशी उभा राहून बाईंकडे बघत होता. त्याच्यामागे द्वारका उभी होती.

आजवर बाईंनी वर्गात एक अक्षरही खोटं शिकवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. द्वारका ऐकते आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि म्हातारीचा हात हातात घेतला.

"अक्का, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी पोरांना खोटं सांगितलं. ते पुस्तकच चुकीचं होतं. राजगिरा आपलाच आहे, शेंगदाणेही आपलेच, आपल्या ऋषींनी उपासाला सांगितलेले. तुमच्या व्रतात कणभर खोट नाही. नऊ वर्षं तुम्ही केलं ते सगळं बरोबरच केलं."

"खरं?"

"विद्येची शपथ घेऊन सांगते."

कौतिकने डोळे पुसले. घरातून कोणीतरी घाईघाईने ताटली आणून पुढे ठेवली. सुंदरबाईने ताटलीतला लाडू उचलला, हातात फिरवून बघितला आणि मोडून अर्धा तोंडात घातला. सुकलेल्या तोंडात तो फिरता फिरेना, तरी ती सावकाश चावत राहिली. बाईंचा जीव भांड्यात पडला. वाचली, त्यांच्या मनात आलं, देवा, वाचली म्हातारी.

घास गिळून झाल्यावर सुंदरबाईने उरलेला अर्धा लाडू परत ताटलीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावरची ती खुशी आता कुठेच नव्हती. चार दिवसांच्या उपासाने जे झालं नव्हतं ते त्या एका घासाने झालं, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

"मन्हं काहीच चुकनं नही," ती म्हणाली. "मंग मन्हा मगन काबरं उना नही?"

कौतिकने मान खाली घातली. द्वारका दारातून दोन पावलं आत आली आणि आपला बाप का आला नाही, याचं बाई काय सांगतात ते ऐकायला उभी राहिली.