मोठ्या तळ्यावरचा बर्फ

पाण्याचा वास पहिल्यांदा आमच्या आत्याला आला. तिनं चहाचा कप तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाली, "यात डिझेल आहे."

ऊलूसीताई, माझी थोरली बहीण, तेव्हा आमच्या पार उत्तरेकडच्या बर्फाळ गावची सरपंच होती. गावच्या पिण्याच्या पाण्याची टाकी असते त्या पाणीघरात ती मला घेऊन गेली. टाकीचं झाकण उघडलं तर पाण्यावर रंगीत तवंग. शेजारच्या जुन्या डिझेलच्या टाकीला तडा गेला होता आणि डिझेल जमिनीतून आत झिरपत होतं. ताईनं घरोघरी पाणी भरणारा ट्रक होता तिथेच थांबवला आणि गावच्या रेडिओवर जाऊन सांगितलं, "टाकीतलं पाणी पिऊ नका. उकळूनही नको, डिझेल उकळून जात नाही. पोरांना आंघोळही घालू नका."

दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या दुपारपर्यंत संपत आल्या. उरल्यासुरल्या ताईनं तान्ह्या बाळांसाठी आणि दवाखान्यासाठी ताब्यात घेतल्या. त्यावरून दोघांनी तिला शिव्या दिल्या. दक्षिणेकडून पाणी घेऊन निघालेलं विमान वादळामुळे अर्ध्या वाटेवरून परतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. लोक अंगणातलं हिम वितळवत होते, पण पातेलंभर हिमाचं वाटीभर पाणी होतं, आणि गावातल्या हिमात कुत्री असतात, गाड्यांचा धूर असतो. काही जण वास सहन करून टाकीतलंच पाणी प्यायले. दवाखान्यात उलट्या करणारी पोरं दिसायला लागली.

तेव्हा ताई आयपिलीकडे गेली. चहासाठी मोठ्या तळ्यावरचा बर्फ आणणाऱ्यांत त्याच्याइतकं तळं कुणाला ठाऊक नव्हतं. तो जेवत होता. बायको मलाया शेजारी बूट शिवत होती.

"या सरपंचबाई," तो म्हणाला. "सीलच्या मांसाचं सूप आहे, पण वितळवलेल्या हिमाचं. कुत्र्यांची चव लागली तर आम्हाला बोल लावू नका."

"आयपिली, तळ्यावर बर्फ धरलाय का?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "यंदा हिम लवकर पडलं. वर पांघरूण आलं की खाली बर्फ जाड होत नाही. अजून थोडं थांबायला हवं."

"दवाखान्यातल्या पोरांना काय पाजू मी तोवर?"

मलायानं मान वर केली नाही. "विमान येईल ना," ती म्हणाली.

"कधी, ते कुणी सांगेना, वहिनी."

आयपिली उठला आणि कोट चढवायला लागला. "काठाकाठानं जातो. तुझ्या भावाला पाठव माझ्याबरोबर. नुसता बसून असतो."

आम्ही बर्फावर चालणाऱ्या दोन स्नोमोबाईल आणि त्यांच्यामागं जोडलेल्या दोन घसरगाड्या घेऊन गेलो. आयपिली पुढे चालत पहारीनं बर्फ ठोकून बघायचा, मी मागं. पहिली खेप नीट झाली. सभागृहाच्या दारात लाद्या उतरवल्या तेव्हा बायका पातेली घेऊन उभ्याच होत्या. त्या संपल्या, म्हणून आम्ही पुन्हा गेलो.

काठाजवळ उरलेल्या थोड्या लाद्या माझ्या घसरगाडीवर चढवल्या, तेवढ्यातच तिथला चांगला बर्फ संपला. आयपिली जरा आत सरकला. पहार ठोकली, ठीक आहे अशी मान हलवली आणि मला हातानं थांबायला सांगून आपली स्नोमोबाईल आणायला मागं वळला. ओढा तळ्याला मिळतो तिथं वाहत्या पाण्यामुळे बर्फ पातळ राहतो, आणि तिथून तो फार लांब नव्हता. गाडी घेऊन तो परत आला, तिचं वजन पडलं आणि हिमाचा पांढरा पट्टा आवाज न करता खाली गेला. गाडी गेली, तोही गेला. एकदा वर आला. मी पोटावर सरपटत दोरी फेकली, ती त्याच्या हाताला लागलीसुद्धा. पण बोटं मिटेनात. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पुढं येऊ नकोस." मग नुसतं काळं पाणी राहिलं.

ताई मलायाकडे एकटी गेली. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. आतून मलायाचा आवाज आला, अगदी साधा. "तो थांबायला हवं म्हणाला होता."

"हो," ताई म्हणाली. "म्हणाला होता."

मी घसरगाडीवर आणलेल्या लाद्या सभागृहाबाहेर तशाच पडून होत्या. कुणी हात लावेना. संध्याकाळी मलाया आली, एक लादी उचलून तिनं आत्याच्या पातेल्यात टाकली आणि म्हणाली, "वितळवा. पोरं तहानलीत." एवढं बोलून ती घरी गेली.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. आयपिलीला आम्ही नंतर गळ टाकून बाहेर काढलं. पाणीघर धुतलं, नवीन टाकी आली आणि पाणी प्यायला हरकत नाही असं ताईनंच रेडिओवर सांगितलं. मुदत संपल्यावर ती पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही. लोकांनी आग्रह केला, कारण पोरं तिनंच वाचवली असं ते मानत होते, आणि ते खरंही होतं.

मलाया ताईला दुकानात भेटते. दोघी एकमेकींना बाजूला सरून वाट देतात. कधी मीठ संपलंय का, वारा कुठून आहे, एवढं बोलतात. एकमेकींच्या घरी मात्र जात नाहीत.