धाकटीचा डीबगर

धाकट्या दिराची बायको आमच्याच कंपनीत लागली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. घरी सासूबाईंच्या तोंडी दिवसभर धाकटी, आता ऑफिसातही धाकटीच!

आम्ही पेशंटला थेंबथेंब औषध देणारे पंप बनवतो. नवा पंप दिवसातून एखाद्या वेळी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. साहेबांनी दोन डीबगर मागवले. डीबगर म्हणजे चिपला जोडून आत काय चाललंय ते दाखवणारी डबी. आम्हा दोघींना म्हणाले, "आठवडाभरात एक निवडा. जिची निवड पटेल, ती नव्या टीमची प्रमुख."

माझी निवड ठरलेली होती. चौदा वर्षं माझ्या हातातला, चिप थांबवून दाखवणारा. धाकटीने महागडा उचलला; तो चिप न थांबवता सगळं नोंदवत बसतो. कालची पोर, हिला काय कळतंय?

माझा डीबगर लावला आणि पंप चार दिवस एकदाही बंद पडला नाही. मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलं. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तुमचा लावला की वॉचडॉग गोठतो ना?"

वॉचडॉग हा चिपमधला राखणदार. प्रोग्रॅमने वेळेत हजेरी दिली नाही, तर तो चिप पुन्हा सुरू करतो. चिप थांबवणारा डीबगर जोडला की त्याला झोपवायचं, ही ओळ सात वर्षांपूर्वी मीच लिहिली होती आणि साफ विसरले होते. म्हणजे मी दोष पकडला नव्हता, झाकला होता. चारचौघांत नाक कापलं गेलं. हसून म्हटलं, "बघू की!" पण आतून नुसती जळत होते.

पाचव्या दिवशी दुपारी ती जागेवर नव्हती. तिच्या पडद्यावर नोंद थांबलेली, लाल खूण. दोष सापडला होता! मी वाकून शेवटची ओळ वाचली. बॅटरी मोजणारं फंक्शन. माझंच. तिथेच वेळ जास्त जात होता.

ही नोंद फक्त त्या डबीच्या मेमरीत होती. वायर काढली की पुसली जाणार. साहेबांना निर्णय संध्याकाळी हवा होता. मी इकडे तिकडे पाहिलं आणि वायर उपटली.

"सापडलं ना ताई?" मागे धाकटी उभी, हातात पाण्याची बाटली. माझ्या हातात वायर.

तिने वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी मघाशीच पाहिलं. फोनवर फोटो काढलाय. साहेबांना नाही दाखवला. कोड तुमचा आहे, म्हटलं तुम्हीच सांगा. दुरुस्त करूनच सांगा वाटल्यास."

तिने फोन माझ्यापुढे धरला. शरमेने मान वर होईना. ओरडली असती, भांडली असती, तर मीही चार शब्द सुनावले असते. आता काय सुनावू, कपाळ?

मी धाकटीला घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "हिचा डीबगर घ्या. दोष माझ्या फंक्शनमध्ये आहे, तो हिने पकडला. आणि वायर उपटून पुरावा मी पुसला होता."

टीम धाकटीला मिळाली.

मत्सर गेला म्हणता? छे! उलट दुप्पट झाला. आधी फक्त हुशार वाटायची मेली, आता चांगलीही निघाली.