पायडलवरचा पाय

सुईखाली रेक्झिनची दुहेरी घडी सरकवून त्याने पायडल दाबलं आणि मशीन घरघरत असतानाच वेळ साधून म्हणाला, "हं."

दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून ताईचं चऱ्हाट चालू होतं. नळ गळतोय, प्लंबर आज येतो उद्या येतो करतोय, शेजारणीचं मांजर परत जिन्यात येऊन बसलंय. त्याने शिलाई कोपऱ्यावरून वळवली. ताईचा आवाज शेवटी चढला की "हो ना" म्हणायचं, उतरला की "बरं", आणि मध्येच थांबली की "बरोबर आहे". इतक्या वर्षांत हे त्याच्या अंगवळणी असं पडलं होतं की टाका वाकडा जात नसे आणि हुंकारही चुकत नसे.

"ताईंना हं-हं करणारं एखादं यंत्र बसवून द्या," समोर फोम कापणारा त्याचा भागीदार म्हणायचा.

"अरे बाबा, तेच तर बसवलंय," तो फोनवर हात ठेवून म्हणायचा आणि दोघं खुदुखुदु हसायचे.

ओळखीपाळखीत मात्र त्याचं केवढं नाव! भाऊ असावा तर असा, मेव्हणे गेल्यापासून रोज दुपारी बहिणीशी बोलतो. एकटी बाई, तिला दुसरं आहे कोण? हे कौतुक तो खुशाल मिरवायचा. बोलते ती, आपण सीट कव्हरं शिवतो, एवढा बारीक फरक कोण बघायला बसलंय?

त्या दिवशीही ती बरंच बोलली, त्याने हुंकार भरले, आणि "ठेवते रे" म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. प्लंबर उगवला असेल, त्याने भागीदाराला सांगितलं. आणखी एकदोन दिवसांनी दुपार जरा रिकामी वाटायला लागली. आपणच करावा का फोन, असं मनात आलं आणि गेलं. एका मोठ्या गाडीचं काम घाईचं होतं.

मग एका दुपारी, नेमका ताईच्याच वेळेला, फोन वाजला. न बघताच त्याने तो उचलला, डब्याला टेकवला आणि पायडल दाबलं.

"हं."

"दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. तुमच्या बहिणीने ऑपरेशन नको म्हणून कळवलंय. नातेवाईक म्हणून तुमचा नंबर आहे, म्हणून विचारते. तुमचंही तेच म्हणणं आहे ना?"

"बरोबर आहे," तोंडातून निघून गेलं आणि मग कुठे त्याचा पाय उचलला गेला. "थांबा, थांबा. कसलं ऑपरेशन?"

"गळ्यातली गाठ काढायची होती. वाढतेय ती. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. त्या म्हणाल्या, भावाशी बोलणं झालंय, त्यालाही पटलंय. उद्या सकाळपर्यंत कळवलंत तर तारीख ठेवते. पुढचं काही सांगता येणार नाही."

गाठ? कधी म्हणाली ती गाठ? त्याने डोकं खाजवलं, डोळे मिटले. नळ आठवत होता, मांजर आठवत होतं. त्यापुढचं ताईचं एकही वाक्य आठवेना. त्या दिवशी शिवलेलं सीट कव्हर मात्र लख्ख आठवत होतं. तपकिरी, कडेला पांढरी शिलाई.

ताईकडे जाताना वाटेत त्याने बेत आखला. न ऐकल्याचं कबूल करायचं नाही. विचार केला, मत बदललं, असं सांगायचं. म्हणजे लाजही राहील आणि काम पण होईल.

"तू? आणि या वेळी?" ताईने दार उघडलं. "दुकान जळलं की काय?"

तो हसायला गेला आणि थबकला. तिचा आवाज घोगरा येत होता, खरवडल्यासारखा. हा असा कधीपासून झाला? रोज कानाशी असलेला आवाज, आणि आपल्याला कळलं नाही?

स्वयंपाकघरात नळाखाली बादली होती. टपटप चालू होती. ताईने त्याला स्टूल दिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"ताई, मी विचार केला," तो म्हणाला. "त्या दिवशी बरोबर आहे म्हणालो खरा. पण तू ऑपरेशन करून घ्यावंस."

"आणि मला भीती कसली वाटते ते सांगितलं होतं की. त्याचं काय?"

"ते... ऑपरेशन म्हटलं की भीती वाटायचीच. भूल, टाके..."

ताईने गॅस बारीक केला.

"टाक्यांचं मी काही बोलले नव्हते."

त्याने मान खाली घातली. आखलेला बेत तिथेच संपला.

"आवाज जाऊ शकतो म्हणाले," ती म्हणाली. "गेला तर कायमचा. म्हणून म्हटलं, नकोच. बरोबर आहे ना, विचारलं तुला."

"आणि मी..."

"तुझं मशीन मला सगळं ऐकू येतं रे. जाड शिवण आली की दबून चालतं, सरळ आली की सुटतं. दोरा तुटला की तू थांबतोस, तेही कळतं." तिने पदराने कपाची कड पुसली, पुसलेलीच परत पुसली. "त्या दिवशी गाठीचं सांगितलं आणि कान लावून बसले. मनाशी म्हटलं, मशीन थांबलं तर करून घ्यायचं."

त्याला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"लांबलचक सरळ शिवण होती वाटतं," ताई म्हणाली.

"अगं, ओरडायचंस ना माझ्यावर!"

"ओरडून सांगायची गोष्ट होती का ती?"

त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

"ताई, मी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही नाही, आणि त्याच्या आधी..." पुढचं त्याला बोलवेना. "परत सांग. सगळं, पहिल्यापासून सांग."

ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली होती. त्यानेही खाली पाहिलं. स्टुलाशी त्याचा उजवा पाय फरशी दाबत होता, सोडत होता, परत दाबत होता. पायडल असल्यासारखा. आल्यापासून चालला असणार.

तो स्टुलावरून उठला आणि दोन्ही पाय दुमडून, मांडी घालून खाली बसला.

ताईने गॅस बंद केला. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली, आणि घोगरा गळा दोनदा खाकरून साफ केला. तिला बोलताना त्रास होत होता, हे त्याला आता दिसलं.

"तर काय सांगत होते," ती म्हणाली, "तो नळ."