कडी बाहेरून होती

मी कॅमेरा बोलतोय. हसू नका. बोलण्यापायीच तर मी तुरुंगात गेलो.

मुके चित्रपट निघायचे तेव्हाचा माझा थाट तुम्ही पाहायला हवा होता. हातानं दांडा फिरवला की मी खरखरत चालू लागायचो आणि त्या खरखरीचं कुणाला काही वाटत नसे. गच्चीवर, नदीकाठी, मोटारीच्या टपावर, म्हणाल तिथं मला उभं करायचे. दांडा फिरवणाऱ्याला सगळी कंपनी दादा म्हणायची. खरा तो एकीचाच दादा, त्याच्या धाकट्या बहिणीचा. ती आमची नटी. दांडा फिरवता फिरवता तो तिच्याशी सारखा बोलत राहायचा, "हां, आता वर बघ. घाई नको. आता रड, पण नाक पुसू नकोस." त्याच्या आवाजावर ती चालायची. पडद्यावर तिला पाहून लोक डोळे पुसत. त्यातली निम्मी करामत दादाच्या जिभेची होती, हे आम्हा तिघांनाच ठाऊक.

मग बोलपट आला, आणि आमची तोंडं बंद झाली.

आमचा पहिला बोलपट एका नाटक कंपनीची गोष्ट सांगणारा होता. स्टुडिओतच रंगमंच उभारला, पडदे रंगवले, खुर्च्यांवर भाड्याचे प्रेक्षक आणून बसवले. सेटवर आता एकच राजा होता, आवाज टिपणारा. कानाला यंत्र लावून बसायचा आणि कुणी नुसतं खाकरलं तरी डोळे वटारायचा. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, "हा कॅमेरा आहे की जातं?"

झालं! कपाटाएवढी लाकडी पेटी तयार झाली. आतून गाद्या ठोकल्या, पुढे जाड दुहेरी काच बसवली. मला आत ठेवलं, माझ्यामागे दादाला कोंबलं आणि बाहेरून कडी ओढली.

"अहो, कडी आतून नको का?" दादानं विचारलं होतं.

"आतून दार घट्ट बसत नाही," आवाजवाला म्हणाला. "आणि तुला मध्येच बाहेर येऊन करायचंय काय?"

दिवे लागले की पेटीची भट्टी व्हायची. दादा बनियनवर उभा राहायचा आणि त्याचा घाम माझ्या पाठीवर ठिबकायचा. बाहेरचं काही ऐकू येत नसे. बोलपट काढणाऱ्या अख्ख्या कंपनीत तो एकटाच असा, ज्यानं त्यातला एक शब्द ऐकला नव्हता. बाहेर बहिणीची तीच गत. बोलणं टिपणारं यंत्र एका फुलदाणीत लपवलेलं, आणि त्यापासून हातभरही हलायचं नाही अशी तिला ताकीद. ती बावरून आमच्या काचेकडे बघायची. दादा आतून बोलतच असायचा, "घाबरू नकोस गं, छान करतेयस." ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार? मला फार वाईट वाटायचं.

शेवटच्या गाण्याचा दिवस उजाडला. दिग्दर्शकाला आम्ही मास्तर म्हणायचो. मास्तरांनी भाड्याच्या प्रेक्षकांना बजावलं, "आभाळ कोसळलं तरी हूं की चूं करायचं नाही. गाणं संपलं की टाळ्या." कडी लागली. गाणं सुरू झालं.

आणि माझ्या भिंगातून दादाला दिसलं. तिच्या डोक्यावरचा मोठा दिवा दोरावरून घसरत होता. थोडा खाली आला, थांबला, पुन्हा आला. आमची पेटी रंगमंचाला खेटून होती, पण पुढच्या झालरीमुळे मागे खुर्च्यांतल्या कुणाला तो दिसत नव्हता, आणि बाकीच्यांचे डोळे तिच्यावर.

"सरक! मागे हो!" दादा ओरडला. गाद्यांनी ते गिळून टाकलं. त्यानं काचेवर मुठी आपटल्या. पण दिव्यांच्या झगमगाटात बाहेरून काचेत काही दिसत नसे. तो दाराला धडका देऊ लागला. दार हललं नाही.

मग तो माझ्याकडे वळला. मला त्यानं कधी साधा धक्काही लागू दिला नव्हता. पाऊस आला तर अंगातला कोट काढून माझ्यावर घालायचा. त्या दिवशी त्यानं मला स्टँडसकट उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी काचेवर हाणलं.

काच फुटली. मी तोंडावर आपटलो आणि माझा डोळा तडकला.

"दादा!" फुलदाणी सोडून ती पेटीकडे धावली. तिच्या पाठीमागे दिवा कोसळला आणि फुलदाणीचा भुगा झाला. भाड्याच्या प्रेक्षकांनी मात्र शिकवल्याप्रमाणे हूं की चूं केलं नाही.

काही दिवसांनी नवी काच बसली, नवा कॅमेरा आला. मला सेटच्या कोपऱ्यात टाकलं होतं. दादा हाताला पट्ट्या बांधून पुन्हा पेटीत शिरला, कारण पोट कुणाला चुकलंय? कडी ओढायला माणूस पुढे झाला, तर त्याच्या आधी बहीण दारात उभी.

"कडी लावलीत तर मी गाणार नाही."

"अहो बाई, गाण्यात कॅमेऱ्याची खरखर येईल!" आवाजवाला कळवळला.

"येऊ दे. दार उघडं राहील."

मास्तरांनी डोक्याला हात लावला. पण नटी तीच, गाणारीही तीच, मग करतात काय बापडे! वीतभर दार उघडं ठेवून गाणं टिपलं. त्या फटीकडे बघत ती गायली, आणि इतकं सुरेख गायली की मला रडू आलं. पण फुटक्या डोळ्यानं रडणार कसं?

तेव्हापासून मी अडगळीच्या खोलीत आहे. अंगावर गोणपाट, दाराला कुलूप. दादा गेला, बहीण गेली. मला इथून बाहेर काढा, असं मी रोज म्हणतो. ऐकायला कुणी नसतं.

परवा दोन माणसं आली. बोलपटाचे जुने डबे शोधून त्यांनी उचलले. जाता जाता एक म्हणाला, "गाण्यामागे फार खरखर आहे रे. तेवढी साफ करून टाकू." मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यांनी बाहेर जाऊन कुलूप लावलं.

तुम्हाला ती माणसं कुठे भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. गाण्यातलं दुसरं काहीही साफ करा, बाबांनो, पण त्या खरखरीला हात लावू नका. दादाचं दार उघडं होतं, म्हणून ती ऐकू येते.