थोरलं, मधलं, धाकटं

आमच्या ह्यांनी पिस्तूल बाळगायचं ठरवलं तेव्हा मी आधी हसले. हसू नये तर काय करू? ज्या देशात साधा पोलीससुद्धा नुसता दांडका घेऊन फिरतो, तिथे हा सत्तरी ओलांडलेला, गुडघे बदललेला, निवृत्त हाडांचा डॉक्टर कार्डिगनच्या खिशात पिस्तूल घालून दूध आणायला जाणार म्हणे. मी म्हटलं, आधी तुमचा चष्मा तुम्हाला वेळेवर सापडतो का ते बघा.

हे म्हणजे दीनानाथ. मी सुप्रभा, जन्मभर इथे बर्मिंगहॅममध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून राबले. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की आधी थायरॉइड तपासायला सांगणारी बाई आहे मी. तेव्हा पुढचं जे सांगतेय ते भोळसट म्हातारीची बडबड म्हणून सोडून देऊ नका.

मूळ सगळं कालव्याकाठी घडलं. हे रोजच्यासारखे संध्याकाळी फिरायला गेले होते. इलेक्ट्रिक सायकलवरून जॅकेटचं टोपडं डोक्यावर ओढलेला एकजण आडवा आला, सुरा दाखवला आणि फोन मागितला. ह्यांनी फोन दिला आणि दोन्ही हात वर केले. जाताना तो माणूस हसला आणि ह्यांच्या गालावर दोन थापट्या मारून गेला, शहाण्या बाळाला मारतात तशा. फोनचं काय, नवा आला. थापट्या मात्र गेल्या नाहीत. दाढी करताना त्या गालाशी आले की ह्यांचा हात थांबायचा. मला फार वाईट वाटायचं. आणि वाईट वाटलं की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव.

मग ते व्हिडिओ सुरू झाले. अमेरिकेतला कुणी दाढीवाला ट्रकच्या मागच्या फळीवर चिमुकली पिस्तुलं मांडून बसायचा. कुठलं खिशात ओळखू येत नाही, कुठलं चटकन निघतं, कुठलं अस्तराला अडकतं, ह्याची तासन्‌तास तुलना. हे वही घेतल्यासारखे एकाग्र होऊन बघायचे. मी लग्नाचा शालू निवडायला एवढा वेळ लावला असता तर सासूबाईंनी मला तिथूनच माहेरी धाडलं असतं. शेवटी ह्यांच्या पसंतीला तीन उतरली. त्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, ती कोण लक्षात ठेवणार? मीच चेष्टेने त्यांना थोरलं, मधलं, धाकटं म्हणायला लागले आणि हेही तसंच म्हणू लागले.

थोरल्यात गोळ्या जास्त मावतात, पण खिसा ओघळतो आणि आकार कापडातून कळतो. धाकटं मुठीत लपतं, पण इतकं हलकं की उडवलं तर मनगटाला हिसका बसेल आणि ह्यांच्या संधिवाताला तो झेपायचा नाही. मधलं सगळ्या बाजूंनी गुळगुळीत, कुठे अडकत नाही, पण त्याचा चाप जड. पूर्वी ऑपरेशनच्या आधी कुठला सांधा बसवायचा ह्यावर हे असंच बोलायचे, म्हणून मी ऐकून घेत होते. विकत तर काही घेता येणार नव्हतं. असलं पिस्तूल इथे नुसतं घरात सापडलं तरी थेट तुरुंग. म्हटलं, बघेनात का, व्हिडिओने कुणाचं काय जातंय.

आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर हे माझ्या डिजिटल वजनकाट्यासमोर उभे. काट्यावर काहीही नव्हतं. हे दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी अलगद ठेवायचे, वाकून बघायचे, उचलायचे आणि दुसरं ठेवायचे. काट्यावर शून्य.

तिथल्या तिथे खुर्चीत बसवून ह्यांना तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बिनचूक. मग ह्यांनी माझा हात हातात घेतला.

"सुप्रभा, मला वेड लागलेलं नाही. इथे काही नाही हे मला कळतं. पण काहीतरी धरलंय असं वाटलं ना, की मला बाहेर पडता येतं."

मी पोळ्या लाटायला घेतल्या.

त्या दिवसापासून हे उजवा हात खिशात घालून फिरायला लागले. हात नुसता घातलेला नसायचा. कोपर अंगाशी, खांदा जरा उचललेला, नजर येणाऱ्याजाणाऱ्यावर. बस स्टॉपवर बायका ह्यांच्यापासून सरकून उभ्या राहायच्या. आमची वैभवी मँचेस्टरला असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. मग तिच्या त्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "आई, बाबाला असं बाहेर नको जाऊ देऊ. कुणीतरी नाइन नाइन नाइन करेल आणि आर्म्ड पोलीस येतील. ते आधी विचारत नाहीत, आई."

इतके दिवस मला ह्यांच्या डोक्याची काळजी होती. आता जिवाची लागली. हे दाराबाहेर पडले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. ह्यांची स्मरणशक्ती तपासून घ्यायला मेमरी क्लिनिकची तारीख मागितली, ती मिळाली थेट नव्या वर्षातली.

अशात नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडतात. हत्यारं म्हणजे काय, तर ह्यांची जुनी हातोडी, माझा स्टेथोस्कोप, लॅपटॉप, सुरी, शिवणाची कात्री. ह्या वेळी मांडामांड ह्यांनी केली. मी तबक घेऊन आले तर पाटाच्या मधोमध वस्त्र अंथरलेलं आणि त्यावर सगळी जागा रिकामी. हे म्हणाले, ह्या तिघांनाही हळदकुंकू वाहा.

मी जाम वैतागले होते. सकाळपासून श्रीखंडाचा चक्का फेटून हात दुखत होते, घरात नैवेद्याची घाई. कशाला वाद घाला, असं म्हणून मी त्या रिकाम्या वस्त्रावर तीन ठिकाणी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि एकेक शेवंती ठेवली. हे हात जोडून उभे होते. मी नमस्काराला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

कुंकू वस्त्रावर पडलं नव्हतं. वस्त्रापासून बोटभर वर, हवेत, ते तीन ठिकाणी टेकलं होतं. त्यातून कडा उमटत होत्या, एक मोठी, एक बारकी, आणि मधली अगदी गुळगुळीत. शेवंतीची फुलंही तशीच अधांतरी आडवी होती. मी चष्मा पुसला. मग बोट पुढे केलं. बोटाला गार लागलं.

दगडात देव आधीपासून नसतो, आपण बसवतो. गंध, अक्षता, फूल वाहिलं की तो येतो. हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? इतके दिवस तिथे ह्यांची नुसती भीती होती. तिला मी माझ्या हाताने पाटावर बसवलं. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे कुंकवाकडे बघत होते आणि ह्यांचे ओठ पांढरे पडले होते.

रात्रभर पाट तसाच ठेवतात, मांडलेल्या हत्यारांना हात लावत नाहीत. तेवढी तरी उसंत मिळाली. दसऱ्याच्या दुपारी मी जरा पाठ टेकायला गेले आणि दार वाजल्याचं ऐकून धावत खाली आले. हे बूट घालून फाटकापाशी पोचले होते. म्हणाले, सीमोल्लंघन करून येतो. तिन्ही बरोबर घेतली आहेत, चालून बघितल्याशिवाय कुठलं बरं ते कसं कळणार? कोटाचा उजवा खिसा खाली लोंबत होता. डावाही लोंबत होता. मी घरातल्याच चपलांनी मागे निघाले.

कालव्याच्या वाटेवर ऊन तिरपं पडलं होतं, झाडांखाली ओली पानं. हे पुढे, मी दहा पावलं मागे, हाका मारतेय आणि ह्यांना ऐकू जात नाही. पुलाखालून एक सायकलवाला आला. डोक्यावर टोपडं, पाठीवर जेवण पोचवतात ती चौकोनी पिशवी. ह्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला आणि सरळ त्याच्या छातीवर रोखला गेला. मूठ रिकामी होती, पण मुठीच्या पुढे, हवेत, कालचं कुंकू तसंच चिकटलेलं होतं. सायकलवाल्याने ब्रेक दाबला आणि दोन्ही हात वर केले. चाळिशीचा, दमलेला माणूस होता बिचारा. पलीकडच्या काठावर कुत्रा घेऊन थांबलेल्या बाईने फोन कानाला लावला.

मी ह्यांच्यापाशी पोचले. "अहो, हा तो नाही."

"माहीत आहे गं," हे म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण बोट निघत नाहीये."

मी त्या मुठीपुढे उभी राहिले, म्हणजे काय व्हायचं ते मला होईल. मग एकेक बोट धरून सोडवलं, आखडलेला हात सोडवतात तसं, हळूहळू. शेवटचं बोट सुटलं आणि माझ्या तळहातावर वजन आलं. सायकलवाला कधी निघून गेला कळलंही नाही. ह्यांच्या बाकीच्या खिशांतही मी हात घातला आणि उरलेली दोन काढून घेतली. पूजा झालेली वस्तू कुठे टाकून देत नाहीत, पाण्यात सोडतात. मी काठावर वाकून एकेक सोडलं. पाणी तीनदा उडालं. आणि जन्मभराच्या सवयीने, गौरी-गणपती पोचवताना म्हणतो तसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "पुनरागमनाय च."

परत या. मीच म्हणाले, परत या. शब्द तोंडातून गेल्यावर मी जीभ चावली, पण त्याचा काय उपयोग?

ह्यांचा चेहरा मात्र एकदम सुटला होता. हाताची बोटं उघडझाप करून बघत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. आम्ही पुलाच्या पायऱ्या चढून रस्त्यावर आलो, तर समोर दोन गाड्या आडव्या लावलेल्या आणि दारांआडून काळ्या बंदुका आमच्यावर धरलेल्या. हात दाखवा, म्हणून कुणीतरी ओरडलं. ह्यांनी लगेच दोन्ही हात वर केले, पंजे उघडे, रिकामे. मीही केले. वाटलं, वाचले हे.

पण ह्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

"ड्रॉप इट, मॅडम. ड्रॉप इट नाऊ."

मी वर बघितलं. माझा तळहात उघडा होता, त्यात काही नव्हतं. पण मनगट दुखायला लागलं होतं, इतकं ते जड होतं. मला बोटं उघडताही येईनात आणि मिटताही येईनात. तेव्हा ह्यांनी जे करू नये ते केलं. हात खाली घेतले, माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत, वॉर्डात राउंड घेताना बोलायचे त्या आवाजात, सांगितलं की ही माझी बायको आहे, डॉक्टर आहे, हिच्या हातात काही नाही. आवाजात कंप नव्हता. सुऱ्यापुढे हात वर करून फोन देणारा तो माणूस हा नव्हेच.

मग पोलिसांनी आम्हाला गाडीला टेकवून झडती घेतली. काही सापडलं नाही. माझी झडती घेणारी पोलीस बाई माझ्या कोटाच्या उजव्या खिशाकडे पुन्हा पुन्हा परत येत होती. शेवटी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, सॉरी, मला अगदी खात्री होती.

हे बरे झाले. खरंच बरे झाले, मेमरी क्लिनिकची तारीखही आम्ही रद्द केली. दाढी करताना गुणगुणतात, व्हिडिओ बंद, भूक वाढलीय. रोज कालव्यावर जातात आणि सगळ्यांना गुड ईव्हनिंग म्हणतात. वैभवी म्हणते, बाबा आता एकदम पहिल्यासारखा झाला.

मी त्यांच्याबरोबर जाते. थोरलं माझ्या कोटाला झेपत नाही, खिसा ओघळतो. धाकटं पर्समध्ये तळाशी जातं, वेळेला सापडायचं नाही. उजव्या खिशाला मधलंच बरं. चाप जड आहे, पण रोज थोडा थोडा सैल होतोय.

काल पुलाखाली चिखल होता आणि मागून सायकलची घंटा वाजली. हे माझ्या उजव्या बाजूला होते. त्यांनी हात पुढे केला, म्हणाले, "हात दे गं, घसरशील."

मी वळून डावा दिला.